आधी रजा मोज

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. मसुदा वाचला, फोटो पाहिले. मसुद्याचं नंतर बघू, आधी चौथ्या फोटोबद्दल बोलतो. ट्रंकेच्या तळाशी एक वाकडी तार आहे, तिच्यात ओवलेले पिवळे चिटोरे आहेत, आणि खाली तू लिहिलंयस, ‘जुन्या पावत्या असाव्यात, टाकून देऊ का?’

टाकू नकोस. आईला, मामाला, कुणालाही टाकू देऊ नकोस. ती मनीऑर्डरची कुपनं आहेत. पोस्टमन ओट्यावर बसून पैसे मोजायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि फॉर्मची खालची पट्टी फाडून हातात ठेवायचा, तीच ही पट्टी. पाठवणाऱ्याला तिच्यावर दोन-तीन ओळी लिहायची मुभा असे. तुझ्या आजीनं ती एकेक करून तारेत टोचली. माझ्या आईनंही टोचली होती, आमच्या दाराच्या मागे. तुझा फोटो बघून मी बराच वेळ काही बोललो नाही, ते त्यामुळेच.

तू लिहितेस की आजोबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या पुस्तिकेत दोन पानं तुला लिहायची आहेत. मामाचं म्हणणं, एकाहत्तरच्या युद्धातली, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरची लढाई आली पाहिजे. आईचं म्हणणं, ते किती कुटुंबवत्सल होते ते आलं पाहिजे. आणि तुला वाटतं की दोन्ही वाचून ते आजोबा दुसऱ्याच कुणाचे वाटतात. बरोबर वाटतं तुला. मसुद्यात ‘अतुलनीय’ तीनदा आलंय, ‘देशासाठी सर्वस्व’ दोनदा. ही वाक्यं आपल्या भागातल्या कुठल्याही माजी सैनिकाच्या फोटोखाली चालतील. सातारा जिल्ह्यात असे फोटो घरोघरी आहेत. एकट्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. तिथल्या दगडावर तो आकडा आहे. दगडावर जागा थोडी असते, त्याला दोष नाही. तुझ्याकडे दोन पानं आहेत.

म्हणून सांगतो, लिहिण्याआधी रजा मोज.

आजोबा वीस वर्षं फौजेत होते. वर्षाची रजा दोन महिन्यांची, वर थोडी कॅज्युअल, तीही मिळाली तर. या वीस वर्षांत माणूस घरात किती दिवस होता, ते आधी काढ. मग ‘कुटुंबवत्सल’ लिहायचं का, ते आपण ठरवू. लिहायचं ठरलं तरी तो शब्द एव्हाना तुला अपुरा वाटायला लागलेला असेल.

हे मी कुठे शिकलो ते सांगायला हवं. माझे वडीलही मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९६३ साली भरती, १९८३ साली हवालदार म्हणून पेन्शन. २००८ साली ते गेले. वर्षश्राद्धाला आम्ही चार पानी पुस्तिका काढली आणि ती मी लिहिली. मी मराठीचा शिक्षक, भाषा हाताशी होती. मी लिहिलं की डिसेंबर १९७१ मध्ये जंगी पलटणीबरोबर, म्हणजे रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनबरोबर, त्यांनी जमालपूर घेतलं. पेटीत पदकं होती, घरात लहानपणापासून ‘एकाहत्तरची लढाई’ हा शब्द ऐकलेला होता. शिवाय ती हकिगत कुणालाही भुरळ पाडील अशीच. जुन्या ब्रह्मपुत्रेकाठचं गाव, भारताच्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून पाठवलेली चिठ्ठी, आणि बलुच पलटणीच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात गुंडाळून पाठवलेली बंदुकीची गोळी. मग रात्री वेढा फोडायचा त्यांचा प्रयत्न, जंगी पलटणीनं अडवून धरलेला रस्ता, आणि ११ डिसेंबरच्या सकाळी शरणागती. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त माझे वडील तिथे नव्हते.

जेवणं झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे एक नाना माझ्याजवळ आले. पुस्तिकेची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली होती. म्हणाले, “मास्तर, तुझा बाप त्या सालात बेळगावला सेंटरात उस्ताद होता. रंगरुटं घडवत होता. त्यानं घडवलेली पोरं तिकडं गेली, हा राहिला. लई लागलं होतं त्याला ते. आन् तू नेमकं तेच छापलंस.”

मी रात्री पदकं काढली. भिंग घेऊन कडा वाचल्या. आपल्याकडच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, इतकं बारीक की बोटाला लागतं पण डोळ्याला दिसत नाही. एकाहत्तरला पूर्व आघाडीवर गेलेल्यांना मिळालेलं ‘पूर्वी स्टार’ हे पदक त्यांत नव्हतंच. मी ज्याच्या जोरावर लढाई लिहिली ते पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचं पदक होतं, १५ ऑगस्ट १९७२ ला जे जे सेवेत होते त्या सगळ्यांना मिळालेलं. मग दाराच्या मागची तार उतरवली. डिसेंबर १९७१ चं कुपन होतं. रुपये साठ. शिक्का बेळगावचा. मोहिमेवरच्या माणसाच्या टपालावर लष्करी टपालखात्याचा ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ एवढाच पत्ता असतो, गावाचं नाव नसतं. ते कुपन माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर सदतीस वर्षं टांगलेलं होतं. त्याच्यावर वडिलांच्या अक्षरात दोन ओळी होत्या, ‘धाकटीस सर्दी असल्यास ओव्याचा शेक द्यावा. मी इकडेच आहे.’

मी इकडेच आहे. आईला धीर म्हणून लिहिलंय की स्वतःची खंत म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. आणि विचारायला आता कुणी नाही. तुला आजी आहे. हे वाचतेयस ना? तुला आजी आहे, आणि तू मला विचारतेस की पुस्तिकेला कुठलं शीर्षक द्यावं!

त्यानंतर महिनाभर मी रोज संध्याकाळी ती कुपनं लावत बसलो. त्याची रीत सांगतो, नीट वाच. कुपनं तारखेनं लाव. दर महिन्याला एक येतं. ज्या महिन्यात कुपन नाही, त्या महिन्यात माणूस घरी. एखादं गहाळही झालं असेल, म्हणून पत्रांशी ताडून बघ. डिस्चार्ज बुकात कधीकधी रजेचे पास घडी करून ठेवलेले सापडतात. माझ्या वडिलांच्या वीस वर्षांची बेरीज अकराशे दिवसांच्या जवळपास आली, म्हणजे तीन वर्षांच्या आसपास. त्यातही आसामातून रहिमतपूर स्टेशनात उतरेपर्यंत पाच-सहा दिवस जायचे.

आता त्या रिकाम्या महिन्यांपैकी एक सांगतो. फेब्रुवारी १९७३ चं कुपन नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता. आई खडी फोडायला जायची, पदरात धाकटी. मी सात वर्षांचा होतो. त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो आणि छत्तीस वर्षांनी मला आठवलं की त्या रजेत वडील आईच्या जागी खडी फोडायला जात होते. मुकादम हजेरी आईच्याच नावावर लावायचा. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दुपारी ते वाटणीची सुकडी रुमालात बांधून आणायचे आणि आम्हा पोरांना द्यायचे. रायफलीनं घट्टे पडलेल्या हातांना हातोड्याचे फोड आले होते, आणि आई त्यांना तेल लावताना रडत होती. हे सगळं मी पाहिलेलं होतं. पाहिलं होतं आणि पुस्तिकेत जमालपूर लिहिलं होतं.

तू म्हणशील, सर, तुमची गोष्ट वेगळी, माझ्या आजोबांकडे पूर्वी स्टार आहे. आहे, फोटोत दिसतो. कागदांवर जंगी पलटणही आहे. मग लिही की पलटण जमालपूरला होती आणि आजोबा पलटणीत होते. तिथे थांब. ते फळीत पुढे होते की मागे लंगरात, हे तुला माहीत नाही, मामालाही नाही. गोळी गुंडाळलेल्या चिठ्ठीची हकिगत पलटणीची आहे, ती आजोबांच्या तोंडी घालू नकोस. ते घरात लढाईबद्दल कधी बोलले नाहीत असं तूच लिहितेस. मग तेच लिही. आणि मामा कितीही चिडला तरी डिसेंबर १९७१ च्या पुढे जेवढं ठाऊक तेवढंच ठेव.

चिडेल तो. माझा थोरला भाऊ माझ्याशी चार वर्षं बोलला नाही. कारण मी चूक कळल्यावर चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि ज्या ज्या घरी पुस्तिका गेली होती तिथे जाऊन त्या ओळीवर चिकटवल्या. एकशे चाळीस घरं. भाऊ म्हणाला, बापाची अब्रू गावभर घालवलीस. मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो, की सेंटरात दोन वर्षं पोरं घडवणाऱ्या उस्तादाची अब्रू कशानं जाते? त्यांना जे आयुष्यभर डाचत होतं तेच मी खोटं करून त्यांच्या फोटोखाली लावलं होतं, ते काढायला नको होतं? लोक म्हणाले, मास्तर, राहू द्यायचं, मेलेल्या माणसाचं काय. मला नाही पटलं. चिठ्ठी चिकटवायला गेल्यावर दोन म्हाताऱ्यांनी मला बसवून वडिलांच्या सेंटरातल्या आठवणी सांगितल्या, त्या मला एरवी कधीच कळल्या नसत्या. मी चुकलो नाही. उशीर केला, ही चूक. पण चिठ्ठ्या लावल्या त्यात नाही.

खरी चूक मी त्याआधी पंचवीस वर्षं केली होती. वडील कायमचे घरी आले तेव्हा मी सतराचा. पहाटे पाचला अंथरुणं गुंडाळलेली हवीत, चपला ओळीत हव्यात, हिशोब रोजचा रोज हवा. आम्हाला त्यांची सवय नव्हती, त्यांना आमची नव्हती. एकदा पुण्याला शिकायला जाण्यावरून वाजलं. मी म्हणालो, “आत्ता बाप झालात होय? वीस वर्षं कुठं होता?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, “ड्यूटीवर,” म्हणाले आणि शिडी लावून कौलं चाळायला वर गेले. मे महिना होता, भर दुपार. मी खाली उभा राहिलो आणि शिडीसुद्धा धरली नाही.

मी लहान होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. मला कुणी समजावलं नव्हतं, असंही सांगितलं. दोन्ही खरंच आहे. पण ती तार दाराच्या मागेच होती आणि मला मोजता येत होतं. मी सतराव्या वर्षी रजा मोजली असती, तर तो प्रश्न माझ्या तोंडातून आला नसता. म्हणून तुझ्यामागे लागलोय. वैताग आला तरी चालेल, पण मोज.

आता कामाचं. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद आधी काढ. नंबर, भरतीची तारीख, पेन्शनची तारीख आणि पलटण, एवढं कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरव. आणखी काही हवं असेल तर रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. आजीच्या सहीनं अर्ज कर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तो कसा करायचा ते सांगतील. उत्तर यायला वेळ लागेल. पुण्यस्मरण त्यासाठी थांबणार नाही, पण वही थांबू शकते.

आणि आजी. नोव्हेंबरात तिला हयातीच्या दाखल्याला न्यायचं असेल, या खेपेस मामाला पाठवू नकोस, तू जा. रांगेत वेळ असतो. तिला ‘आजोबा कसे होते’ असं विचारू नकोस. ती ‘देवमाणूस’ म्हणेल आणि पदर डोळ्याला लावेल. तिला एक साल दे. विचार, चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात ते आले होते का? आले तेव्हा घरात काय चाललं होतं? परत निघाले तेव्हा स्टेशनवर कोण गेलं होतं? रजा तोडून जायची तार आली होती का कधी? बायकांना रजा तोंडपाठ असतात, पोरी. माझ्या आईला होत्या. मी तिला तारखा सांगत गेलो आणि ती पुढचं बोलत गेली. मी ते लिहून घ्यायला बसलो तेव्हा तिच्या हातात दीड वर्ष उरलं होतं. अर्धीच झाली आमची वही.

मसुदा परत पाठवतोय. त्यातलं एक वाक्य मी ठेवलंय, तू निघालीस की आजोबा फाटकाशी उभे राहायचे आणि गाडी वळली तरी आत जायचे नाहीत, ते. ते तू पाहिलेलं आहेस. त्याच्या आधी-मागे काय घालायचं ते कुपनं सांगतील.

रविवारी ट्रंक घेऊन ये. भिंग माझ्याकडे आहे. कुपनं मात्र तू एकटी उतरवू नकोस. तार गंजलेली दिसते, ओढलीस की भोकापाशी फाटतील, आणि मजकूर नेमका तिथेच असतो. आधी तारेच्या टोकाला थोडं खोबरेल लाव, आकडा सरळ कर, मग वरून एकेक सरकव. सगळ्यात वरचं कुपन शेवटचं असेल, सगळ्यात खालचं पहिलं.

तुझा,
सर