विखारी मेसेज आणि घरातला मुलगा

प्रश्न : गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या धर्माविरुद्ध विखारी मजकूर येतो, पुतण्याही तो पुढे पाठवतो. अशा भाषेनं माणसं खरंच वळतात का? त्याला आवरू कसं?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : बाहेरची माणसं सहसा वळत नाहीत, आधीच चिडलेली मात्र आणखी चिडतात. अमेरिकेतल्या टोपेकाचं, समलिंगी लोकांचा द्वेष पसरवणारं वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च पाहा. सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर ‘सैनिक मेले, देवाचे आभार’ असे फलक ते धरायचे. अशा एका सैनिकाच्या बापानं त्यांच्यावर खटला भरला. २०११ मध्ये ते सुप्रीम कोर्टात ८ विरुद्ध १ मतांनी जिंकले, तरी चर्च मुख्यतः एका कुटुंबापुरतंच राहिलं. पोरगा गमावलेल्या बापासमोर कुणी ओरडलं, की बघणारा बापाच्याच बाजूला जातो. उलट, संस्थापकाची नात मेगन २०१२ मध्ये बाहेर पडली. ट्विटरवर काही परके लोक तिला न चिडता प्रश्न विचारत राहिले, त्याचा त्यात मोठा वाटा होता.

म्हणून पुतण्याला ग्रुपवर झापू नका. चारचौघांत तो हट्टालाच पेटेल. घरी, चहाला बसवून विचारा : हे कुठल्या चौकात घडलं? तारीख कोणती? ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ ही खूण दिसते का? मेसेज किमान पाच चॅटमधून फिरून आला, एवढाच तिचा अर्थ. खोडून काढायलाही तो मजकूर पुन्हा टाकू नका, पसरतोच. ॲडमिनला सांगा, तो सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो.

‘ते आपले नव्हेतच’ म्हणाला, तर चार हुतात्मा चौकात न्या. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा : हिंदू-मुसलमान चौघांना इंग्रजांनी फाशी दिली एकाच दिवशी, १२ जानेवारी १९३१ ला. नावं त्यालाच वाचू द्या.