बारा शब्द आणि शेंगाचटणीचा डाग

गड्डा यात्रेच्या गर्दीत फोन हरवला. त्यातल्या वॉलेट ॲपमध्ये थोडं बिटकॉइन होतं. गेलं का? – जुळे सोलापूर

फोन गेला, बिटकॉइन नाही. ते फोनमध्ये नव्हतंच. कुठल्या पत्त्यावर (हा खातेक्रमांकासारखा) किती, ही नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या संगणकांवरच्या सामायिक वहीत आहे. फोनमध्ये होती ती खर्च करायची प्रायव्हेट की, म्हणजे २५६ बिटांचा अवाढव्य आकडा. वॉलेट सुरू करताना लिहून घेतलेल्या बारा इंग्रजी शब्दांतून ती पुन्हा तयार होते. दुसऱ्या फोनवर शब्द भरा. पण हरवलेल्या फोनला लॉक नसेल, तर आजच नवं वॉलेट, नवे शब्द घेऊन सगळं तिकडे हलवा.

दुकानात पहिला पत्ता छापून लावला. आता ॲप दुसराच दाखवतं. जुन्यावर आलेले पैसे बुडतील? – नवी पेठ

नाही बुडणार. यंत्रमागावर जॅकार्डची भोकं पाडलेली कार्डं चढवली की माग कुणाचाही असो, नक्षी तीच उमटते. शब्दांचंही तसंच: त्यांतून एक मूळ आकडा, त्यातून ठरलेल्या क्रमाने हव्या तितक्या की, आणि प्रत्येक कीचा आपला पत्ता. पत्त्यावरून की मात्र काढता येत नाही. बीआयपी-३२ या बिटकॉइन सुधारणा-प्रस्तावात ही पद्धत २०१२ मध्ये मांडली गेली. त्याआधी बहुतेक वॉलेटांत प्रत्येक की सुटी बनायची आणि बॅकअप पुन्हा पुन्हा घ्यावा लागायचा.

मोड परत यायलाही नवा पत्ता लागतो. ०.०५ आलं होतं, ०.०२ दिलं, तर पूर्ण ०.०५ मोडतं आणि फी वजा जाता उरलेलं तुमच्याच नव्या पत्त्यावर येतं. जुन्या पत्त्यावर शून्य पाहून घाबरणारे मला दर महिन्याला भेटतात. एक सांगतो, पत्त्यावरचे व्यवहार कुणालाही पाहता येतात, म्हणून गल्ल्यापाशी कायमचा एकच पत्ता चिकटवणं म्हणजे गिऱ्हाइकापुढे खतावणी उघडी ठेवणं. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या वॉलेटात मात्र सहसा तोच पत्ता राहतो.

शब्दांचा कागद स्वयंपाकघरातल्या डब्यात होता. शेंगाचटणीचं तेल लागून सातवा शब्द वाचता येत नाही. – अशोक चौक

डब्यात का ठेवला, हे विचारत नाही. आधी कागद उजेडाकडे धरा. यादीत शब्द २०४८ च आहेत आणि पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक ओळखू येतो. पहिली तीन अक्षरं लागली तरी मोजकेच उरतील. काहीच दिसत नसेल तर सगळे २०४८ लावून पाहता येतात. बारा शब्दांत चार बिटं तपासणीची असल्यामुळे सोळांत साधारण एकच जुळणी खरी ठरते, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. त्यांतल्या ज्या वॉलेटमध्ये तुमचा जुना पत्ता दिसेल, ते तुमचं. हे काम इंटरनेट तोडलेल्या संगणकावर, जाणकार घरच्या माणसासमोर करा. ‘शब्द शोधून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटवर उरलेले अकरा भरलेत, तर बारावा शोधायला त्यांनाही तेवढाच वेळ लागतो.

माझं एक्स्चेंजवर (बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीत) खातं आहे. शब्द मिळालेच नाहीत. – होटगी रोड

मिळणारही नाहीत. की त्यांच्याकडे आहे. तुमच्याकडे लॉगिन आणि त्यांच्या वहीतली शिल्लक.

टेलिग्रामवर ‘वॉलेट सपोर्ट’वाला शब्द मागतोय. देऊ? – विजापूर रोड

नाही. ब्लॉक करा.