वेण्या, सह्या आणि एकटी आई

प्रश्न : बार्शीत राहते. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. मुलगी दुसरीत आहे. ‘वर्गात फक्त माझेच पप्पा नाहीत’ म्हणून रडते. आमच्यासारखी घरं खरंच इतकी कमी असतात का?

उत्तर : छे हो! एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत हजेरी घेतली. माझ्या शेवटच्या वर्गात त्रेचाळीस पोरं. त्यांतल्या सहा प्रगतिपुस्तकांवर एकट्या आईची सही असायची, एकावर आजीचा अंगठा. एका मुलीची आई वारलेली. तिच्या वेण्या वडील घालायचे, एक कानाच्या वर, एक खाली. मी मधल्या सुट्टीत त्या सारख्या करायला गेले, तर पोरगी हात लावू देईना!

संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१९ च्या अहवालात भारतातली ४.५ टक्के, म्हणजे सुमारे १.३ कोटी घरं एकट्या आया चालवतात असं म्हटलंय. भावाच्या किंवा माहेरच्या मोठ्या कुटुंबात राहणाऱ्या आया या आकड्यात नाहीत. तुमच्या गल्लीतच मोजा की. पण ‘नवरा बाहेरगावी असतो’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. मीही वर्षानुवर्षं फसले त्याला.

कागदपत्रांचं म्हणाल तर डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव चालतं. वर्गशिक्षिकेला मात्र सगळं स्वतः जाऊन सांगा. आणि पुढच्या रविवारी लेकीच्या दोन मैत्रिणींना पोहे खायला बोलवा. त्यांतल्या एकीचे पप्पा तरी घरी नसणार, पैज लावते.