पोटातले जंतू मारले तर वाळवी मरेल का?

प्रश्न असा आहे: परळच्या जुन्या चाळीत दाराच्या चौकटीला वाळवी लागली आहे. तिच्या पोटातले लाकूड पचवणारे जंतू अँटिबायोटिकने मारले तर ती उपाशी मरेल का?

आधी कोणती वाळवी ते बघा. ‘वाळवीच्या पोटातले जंतू’ असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

चौकटीवरची मातीची नळी नखभर फोडा, सैनिक बाहेर येतील. काडीने डिवचल्यावर डोक्यावर दुधासारखा थेंब आला तर ती कॉप्टोटर्मिस. हिच्या पोटात कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक धागे, असलेले आदिजीव (एकपेशीय प्रोटोझोआ) असतात. डाव्या जबड्यावर एकच ठसठशीत दात असेल तर ओडोंटोटर्मिस, म्हणजे वारुळं करणारी. हिच्या पोटात ते आदिजीव नसतातच, फक्त बॅक्टेरिया आणि आर्किया (बॅक्टेरियासारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव).

पटत नसेल तर कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपखाली बघा. उकळून गार केलेल्या १०० मिलि पाण्यात ०.६ ग्रॅम मीठ घाला. नुसत्या पाण्यात आदिजीव फुगून फुटतात. कामकरी वाळवी घ्या, एका चिमट्याने डोकं धरा, दुसऱ्याने शेपटीकडचं टोक पकडून हळूच ओढा. आतडं सबंध बाहेर येतं. त्याचा मागचा फुगीर भाग मिठाच्या पाण्याच्या थेंबात फोडा, कव्हरस्लिप अलगद ठेवा, कडांना व्हॅसलिन लावा आणि आधी १००, मग ४०० पट करून बघा. कॉप्टोटर्मिस असेल तर अंगभर केस असल्यासारखे, थेंबासारख्या घाटाचे जीव वळवळताना दिसतील. एकाच पेशीचा जीव, पण त्याच्या पोटातले लाकडाचे कण मोजता येतात! त्यांच्या आजूबाजूला थरथरणारे बारीक स्प्रिंगसारखे धागे म्हणजे स्पायरोकीट नावाचे बॅक्टेरिया. काहीच हललं नाही तर बहुधा वेळ गेला. प्राणवायू लागला की आदिजीव लवकर मरतात, म्हणून पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बघायचं. किंवा कात टाकायला आलेली, पांढरीफटक पोटाची वाळवी उचलली असेल. तिचं आतडं तेव्हा रिकामं असतं.

त्या पोटात काम असं चालतं: आदिजीव लाकडाचा कण गिळून आंबवतो, त्यातून ॲसिटेट (व्हिनेगरातल्या आम्लाचं रूप), हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. ट्रेपोनेमा प्रिमिशियासारखे स्पायरोकीट शेवटच्या दोघांपासून आणखी ॲसिटेट बनवतात आणि वाळवी ते शोषून त्यावर जगते. लाकडात नायट्रोजन जवळपास नसतो. तो हवेतून पकडणारे बॅक्टेरिया काही आदिजीवांच्या पेशीतच राहतात. आतड्याच्या भिंतीतून झिरपणारा प्राणवायू कडेचे बॅक्टेरिया संपवतात, म्हणून मधला भाग बिनहवेचा राहतो. वाळवीकडे स्वतःचं काही नाही असंही नाही. लाकडातलं सेल्युलोज तोडणारं एक विकर (एन्झाइम) तिच्या स्वतःच्याच जनुकातून येतं, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं.

तुमची कल्पना नवी नाही. १९२० च्या दशकात क्लीव्हलँड या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने वाळवीला ३६ अंशांवर २४ तास ठेवून आदिजीव मारले. ती लाकूड खात राहिली आणि दहा ते वीस दिवसांत मेली. पण ते प्रयोगशाळेत. वसाहतीत कात टाकली की आतड्यातला ऐवज तसाही जातो आणि सोबतिणीच्या मागच्या टोकाचा थेंब चाटून ती तो परत मिळवते. चौकटीवर फवारा मारून फार तर शे-दोनशेंना गाठाल, वसाहत जमिनीखाली आहे. शिवाय अँटिबायोटिक बॅक्टेरियासाठी आहे, आदिजीवांवर त्याचा भरवसा नाही. गटारात अँटिबायोटिक ओतून औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचं दुसरंच संकट वाढवू नका.

ओडोंटोटर्मिस असेल तर बेत मुळातच फसला. ती वारुळात टर्मिटोमायसिस बुरशीची शेती करते, लाकूड फोडायचं बरंचसं काम त्या बुरशीचं. पावसाळ्यात ठाणे-पालघरकडून टोपल्यांतून येणारी काही अळंबी याच बुरशीची असते.

घरासाठी करायचं ते साधं: भिंत आणि जमीन मिळते तिथे ३०० मिमी अंतराने भोकं पाडून वाळवीचं औषध मुरवायचं. आयएस ६३१३ या वाळवीबद्दलच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात बांधलेल्या इमारतींसाठी हेच आहे. परवानाधारक माणसाकडून करून घ्या. मात्र चौकटीखाली खसखशीसारख्या सहा कडांच्या कोरड्या गोळ्या पडत असतील आणि मातीची नळी कुठेच नसेल, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ती जमिनीतून येत नाही, मग भोकं पाडून पैसे वाया जातील. लाकडातच औषध घालावं लागेल.