“पोरीला इंग्रजी झेपंल का?”

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची मुलगी. बारावी कला, मराठी माध्यम. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततात. तिला दिल्लीत राज्यशास्त्र शिकायचं होतं. डिसेंबरात मामा तिला प्रवेशाचं विचारायला माझ्याकडे घेऊन आले आणि एवढंच म्हणाले, “हुशार हाय ओ, पण इंग्रजी झेपंल का?”

बहुतेक घरं हीच धास्ती घेऊन येतात. पण प्रवेश इंग्रजीपायी क्वचितच हुकतो. हुकतो तो कागदापायी.

सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची सामाईक परीक्षा, मराठीतूनही देता येते. माध्यम अर्ज भरतानाच निवडायचं. एका विषयाला 50 प्रश्न, 60 मिनिटं. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकलं की 1 वजा. बोर्डाच्या पेपरात काहीतरी लिहून ठेवायची सवय असलेल्या मुलांना हा वजा गुण नडतो. तिच्या पहिल्या सराव पेपरात तेच झालं.

खरी मेख जातीच्या दाखल्यात होती. बंजारा समाज राज्यात विमुक्त जातींमध्ये येतो, केंद्राच्या यादीत मात्र ओबीसीत. म्हणजे मामांनी जपून आणलेलं राज्याचं प्रमाणपत्र दिल्लीत चालणार नव्हतं. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमिलेअर लागतं, आणि तेही 31 मार्चनंतर काढलेलं. त्याला वडिलांचं प्रतिज्ञापत्र हवं. वडील तेव्हा कर्नाटकात फडावर. म्हणून आजोबांची 1961 च्या आधीची कोतवालबुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) नोंद, शाळा सोडल्याचे दाखले, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल हे सगळं हिवाळ्यातच गोळा केलं. एप्रिलमध्ये वडिलांनी सेतू केंद्रात फक्त दोन फेऱ्या मारायच्या, असं ठरलं. आधारवर तिच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेपेक्षा वेगळं निघालं. अशा वेळी आधार दुरुस्त करावं, गुणपत्रिकेच्या मागे लागू नये. बोर्डाचं काम महिनोन्‌महिने चालतं.

आणखी एक गफलत दरवर्षी होते. सीयूईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं मुलं धरून चालतात. दिल्ली विद्यापीठाची सीएसएएस नोंदणी, म्हणजे जागावाटपाचा ऑनलाइन अर्ज, वेगळी करावी लागते. तिथे महाविद्यालय आणि अभ्यासक्रम यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरायच्या. तिने नावाजलेली नऊच भरली होती. ती यादी साठपर्यंत नेली. जागा मिळाल्यावर दिलेल्या मुदतीत स्वीकारली नाही तर ती जाते, म्हणून त्या आठवड्यात मोबाइलला रेंज असलेल्या गावी, मामांकडेच राहायचं.

इंग्रजीसाठी क्लास लावला नाही. बालभारतीचं अकरावीचं राज्यशास्त्र मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे आहे, पीडीएफ फुकट. धडा आधी मराठीत वाचायचा, मग तोच इंग्रजीत. अर्थ आधीच माहीत असल्याने शब्दकोश फारसा लागत नाही. रोज दोन पानं, नि शेवटी पाच ओळी स्वतःच्या इंग्रजीत. चार महिन्यांत तिच्या ओळी लांब झाल्या. व्याकरण अजून डळमळीत आहे, पण पहिल्या सत्राला तेवढं पुरतं.

पैशांचं गणित उशिरा निघालं, ते आधी निघायला हवं होतं. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते, पण महिने उलटल्यावर. रेल्वेभाडं, अनामत, मेसचा आगाऊ हप्ता, अंथरूण-पांघरूण मात्र पहिल्याच आठवड्यात लागतं. वडील मुकादमाकडून जादा उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायला निघाले होते. त्यांना थांबवलं, ती उचल पुढच्या हंगामात आईच्या अंगावर फिटते. मामांनी बचत गटातून कर्ज काढलं.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. वर्गात समजतंय म्हणाली, पण मेसमध्ये भाकरी नाही.