पार्टी न करता मुलाचा वाढदिवस कसा साजरा करावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पुढच्या महिन्यात सहा वर्षांचा होतोय, हॉल आणि रिटर्न गिफ्टचा खर्च नकोसा वाटतो, पण वर्गातल्या मुलांच्या पार्ट्या बघून तो हिरमुसेल अशी धास्ती आहे. आम्ही लातूरचे. माझी लेक एप्रिलमधली. याच धास्तीतून मीही गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिचा तिसरा वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला होता, २०१९ साली. ऐंशी माणसं, त्यात लेकरं जेमतेम पंधरा. अठरा हजार गेले. स्पीकरच्या आवाजाला घाबरून ती माझ्या खांद्याला चिकटली, ती केक कापेपर्यंत सुटली नाही. पंगत बसली तेव्हा झोपून गेली होती. त्या दिवशीच्या एकाही फोटोत ती हसत नाही.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. कुणी येणारच नव्हतं. सासूबाईंनी तिला न्हाऊ घातलं, पाटाभोवती रांगोळी काढली, अंगठी-सुपारीने ओवाळलं, गव्हाची खीर केली आणि दुपारी उकाड्यात मांडीवर घेऊन तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. आमच्या घरचा वाढदिवस खरा तिथून सुरू झाला.

ती २०१६ ची. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात लेक झाली. आजी सांगते, "तू झालीस तवा दवाखान्यात जेवणाच्या डब्याआधी पाण्याचा कॅन उचलला बघ मी. तुला पुसायला एक तांब्या, तुझ्या मायला प्यायला दोन. टेशनात पाणी आलं अन् घरात तू आलीस." लॉकडाऊनमधल्या त्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या लेक म्हणाली, "आजी, माझी रेल्वेची गोष्ट." तेव्हापासून दर वाढदिवसाला ती सांगावीच लागते. वाघिणी मोजायच्या राहिल्या तर ती आजीला थांबवते.

सगळं असं गोडच झालं असं नाही. सातव्या वर्षी ती मैत्रिणीच्या पार्टीहून आली आणि रडली, "माझी का नाही करत?" मी पैशांचं सांगायला लागले, ते चुकलंच. नवऱ्याने तिला जवळ घेऊन एवढंच विचारलं की त्या पार्टीतलं तुला काय काय आवडलं. तिने तीन गोष्टी सांगितल्या: फुगे, सगळ्यांनी टाळ्या वाजवून म्हटलेलं गाणं, आणि उशिरापर्यंत खेळायला मिळालं ते. यातल्या एकीलाही हॉल लागत नाही. त्या वर्षी दोन मैत्रिणी सकाळपासून दिवे लागेपर्यंत घरी होत्या. गच्चीवर पाणी शिंपडून खेळल्या, कुकरमध्ये वाळू घालून केलेला रव्याचा केक खाल्ला. म्हणून सांगते, मुलाला आत्ताच विचारा, महिनाभर आधी. आदल्या रात्री विचारलं तर तो शेवटी पाहिलेल्या पार्टीचंच नाव घेईल.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. वाढदिवसाला लेकराला घेऊन अनाथाश्रमात जायचं, तिथल्या मुलांसमोर केक कापायचा, फोटो काढायचे. ज्यांच्या वाढदिवसाला ओवाळणारं कुणी नाही, त्यांच्यापुढे आपल्या लेकराला ओवाळून काय साधतं? मदत जरूर करा, पण ती वर्षातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी, गाजावाजा न करता.

आमच्याकडे आता पाणपोई असते. आठव्या वर्षी गोष्ट ऐकता ऐकता लेकीनेच विचारलं, "आता कुणाला पाणी मिळत नाही का?" एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. क्लासला जाणारी मुलं, भाजीवाल्या मावशी, ऑटोवाले सगळे दारावरून जातात. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली वाळूवर दोन माठ मांडले, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, वर झाकण आणि दांड्याचं ओगराळं, म्हणजे कुणाचा हात पाण्यात जात नाही. हजाराच्या आत सगळं झालं. पहिलं ओगराळं तिने आजीच्या ओंजळीत ओतलं.

हे करायचं मनात आलं तर आधीच सांगते, आठ-दहा दिवसांत लेकरू कंटाळतं. लेकही कंटाळली. तेव्हा ठरलं की सकाळी शाळेआधी ती भरणार, संध्याकाळी तिचे बाबा भरणार आणि दर दोन दिवसांनी माठ आतून घासायचं काम माझं. मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालवायचं. घरातली मोठी माणसं दोन महिने राबायला तयार नसतील तर हे काढूच नका. शिळ्या पाण्याचा माठ रस्त्यावर ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा.

नातेवाइकांचं म्हणाल तर पाणपोईच्या पहिल्या वर्षी नणंद रुसली. दुसऱ्या वर्षी ती स्वतःच वाळा घेऊन आली, माठात टाकायला.

तुमच्या मुलाची पाणपोईच व्हायला पाहिजे असं काही नाही. त्याची गोष्ट वेगळी असणार. तो झाला तेव्हा तुमच्या घरात कोण जागं होतं, बाहेर पाऊस होता की सुगी चालू होती, नाव कुणी सुचवलं, हे आजी-आजोबांना या आठवड्यातच विचारून ठेवा. पुरण शिजत असताना विचारा. सासूबाई तेव्हा बोलायला मोकळ्या असतात, निदान आमच्या तरी.