काटा मध्यावरच, मग गाडी दमते कशाने?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहतो. माझी गाडी १ लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच ती कोइम्बतूरच्या कारी या रेसिंग ट्रॅकवर नेली. सकाळच्या पहिल्या दोन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मस्त झाल्या. तिसऱ्यापासून गाडी ओढेचना, पण तापमानाचा काटा बरोबर मध्यावर होता. दुपारी लाल दिवा लागला, कूलंटच्या टाकीतून फुसफुस आवाज आला आणि पाणी कमी झालं. आमचे मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाका, बॉनेट मागून वॉशर लावून उचला आणि मोठा रेडिएटर बसवा. मित्र म्हणतो मोठा इंटरकूलर घे. माझ्याकडे तीस हजार आहेत. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात दुखणी दोन आहेत आणि तुम्हाला मिळालेला प्रत्येक सल्ला ती एकच समजून दिलेला आहे. सकाळी ताकद गेली ती तापलेल्या हवेमुळे. दुपारी दिवा लागला तो तापलेल्या पाण्यामुळे. आधी हे वेगळं करू, नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होईल.

हवेचं आधी सांगते. बाहेर ३० अंश आहे असं धरा. टर्बो ती हवा दाबून वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेतो. नुसत्या दाबण्यानेच हवा तापते, सायकलचा पंप मारताना खालचं टोक तापतं तशी. टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाची, म्हणजे कॉम्प्रेसरची, कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ३० अंशांची हवा १२५ च्या आसपास पोचते. इंटरकूलर तिला पुन्हा ४५-५० पर्यंत आणतो. पण लॅपमागून लॅप तो स्वतःच तापत जातो आणि उसंत मिळाली नाही की आत जाणारी हवा ६०-७० वर जाते. मग इंजिनाचा कॉम्प्युटर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं, टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडतो आणि गाडी ओढेनाशी होते. गाडी बिघडलेली नव्हती, ती स्वतःला वाचवत होती. कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा, वळणावळणांचा ट्रॅक. तिथे लांब सरळ पट्टा नाही, त्यामुळे वेगाने येणारी गार हवा इंटरकूलरला फार वेळ मिळतच नाही.

आता काटा. बहुतेक नव्या गाड्यांत हा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ अंशांपासून १०५ पर्यंत तो मध्यावरून हलत नाही, चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये म्हणून. मी स्वतः त्याच्यावर विसंबून पस्तावले आहे. माझ्या पहिल्या टर्बो गाडीने मी काटा बघत सलग सात लॅप मारल्या, थेट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आले आणि लगेच इंजिन बंद केलं. पाण्याचा पंप थांबला. हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातली, आणि टर्बोमधली सगळी उष्णता जागच्या पाण्यात उतरली, टाकी उकळली आणि पुढे हेड गॅस्केटचा खर्च आला. चूक संपूर्ण माझी होती.

म्हणून पहिला खर्च मोजण्यावर करा. लॅमिंग्टन रोडला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो, फोनवरच्या ॲपमध्ये कूलंटचं आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. काही गाड्यांत ऑइलचंही दिसतं. आठवडाभर रोजच्या वाटेवर, एलबीएस रोडच्या गर्दीत, आकडे लिहून ठेवा. पंखा किती अंशांना लागतो आणि किती अंशांना बंद होतो, हे तुम्हाला पाठ झालं पाहिजे. पण हे आकडे बघण्यासाठी फ्रीवेवर किंवा सी लिंकवर गाडी ताणू नका. तिथे दुसऱ्यांची लेकरंबाळं असतात.

ट्रॅकवर मी पाळते ते आकडे असे. कूलंट १०५ पर्यंत ठीक, ११० ला पाय काढायचा, ११५ ला लॅप सोडून सावकाश आत यायचं. ऑइल १२० पर्यंत निर्धास्त, १३० ला सावध, १४० ला त्या दिवसापुरतं बास.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप. तो काढण्याचा मिस्त्रींचा सल्ला मुंबईत जुना आहे. माझ्या वडिलांचं परळला रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. मे महिन्यात पद्मिनी टॅक्स्यांची रांग लागायची आणि प्रत्येक टॅक्सीवाला हेच सांगत यायचा. वडील आधी तांब्या-पितळेचा रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्यांत सळई घालून बघायचे, तर निम्म्या गाळाने बुजलेल्या असायच्या. थर्मोस्टॅट बिचारा निर्दोष. तुमच्या गाडीत तो काढणं तर उलट घातक ठरू शकतं. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला शिवतच नाही. शिवाय रोजच्या वापरात इंजिन आणि ऑइल नीट तापत नाही. आपल्या छोट्या फेऱ्यांत, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात, ते पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून राहतं आणि ऑइल पातळ होतं. थर्मोस्टॅट जुना वाटत असेल तर कंपनीचा नवा घाला, काढू नका.

बॉनेट मागून उचलणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. दिसायला वाटतं की गरम हवा तिथून बाहेर जाईल. सिग्नलला उभ्या गाडीत जातेही. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवा आदळून दाब वाढतो, म्हणून तर केबिनसाठी हवा घेण्याची जाळी तिथेच असते. फट ठेवली तर हवा तिथून आत घुसू शकते आणि रेडिएटरमागचा दाब वाढवून समोरून येणाऱ्या हवेची वाट अडवते. विश्वास बसत नसेल तर बॉनेटवर आणि त्या फटीशी लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवा आणि ट्रॅकवर शेजारी बसलेल्याला फोनवर चित्रण करायला सांगा. दोरे हवेची दिशा स्वच्छ दाखवतात.

मोठ्या रेडिएटरआधी तुमच्या आहे त्या रेडिएटरमधून हवा खरंच जाते का, ते पाहा. हवा आळशी असते, सोपी वाट दिसली की तिकडे पळते. बम्पर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बाजूला दोन बोटांची फट असली तरी बरीचशी हवा तिथूनच निसटते. वडिलांची एक रीत मी अजून वापरते. गाडी उभी ठेवून एसी लावायचा म्हणजे पंखा सुरू होतो, आणि ग्रिलपुढे कडेकडेने अगरबत्ती फिरवायची. धूर जाळीत ओढला गेला तर ठीक, कडेच्या फटीतून गेला तर ती जागा फोमच्या पट्टीने बंद करायची. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि मी पाहिलेल्या गाड्यांत याच्याइतका फरक क्वचितच कशाने पडला.

बम्पर उतरवलाच आहे तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली जागा धुऊन घ्या. मुंबईच्या गाडीत तिथे पानं, पिशव्यांचे तुकडे आणि चिखलाचा थर सापडतो. पाणी मागून पुढे आणि हलक्या धारेने सोडा. प्रेशर वॉशरने ॲल्युमिनियमच्या पात्या आडव्या झाल्या की तेवढा रेडिएटर मेला.

तुमच्या दुपारच्या फुसफुशीचा पहिला संशयित टाकीचं झाकण. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने एक बारचा जादा दाब धरला की तेच १२५ च्या पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग सैल झाली तर ही सगळी सवलत गेली. नवं झाकण घाला, सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड तपासा. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. नळाचं पाणी घालू नका आणि वेगळ्या जातीचं कूलंट मिसळू नका.

इंटरकूलरबद्दल तुमच्या मित्राने रोग ओळखला आहे, पण घाई केली. तुमचा इंटरकूलर हवेने गार होतो की पाण्याने, ते आधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. पाण्याचा असेल तर त्याचा छोटा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंप वेगळा असतो, आणि त्या पाइपांत अडकलेली हवा काढून टाकल्यानेच बराच सुधार होऊ शकतो. हवेचा असेल तर फोम लावून, धुऊन, पुन्हा मोजून मगच पुढचा विचार करा. आणि रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं, आत्ता अजिबात नको. जितका बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, जास्त तितकी उष्णता जास्त, आणि तुम्हाला आहे तीच झेपत नाही.

बाकी चालवण्यात आहे. एक लॅप तापवायची, तीन जोरात, एक गार करायची. गार करताना वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ब्रेक जवळजवळ न लावता. फारच तापली तर हीटर पूर्ण उघडा, तो एक छोटा रेडिएटरच आहे. तुम्हाला घाम फुटेल, इंजिनाला दिलासा मिळेल. पिटमध्ये आल्यावर ब्रेक तापलेले असतात म्हणून हँडब्रेक न ओढता चाकाला लाकूड लावा, न्यूट्रलमध्ये दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि बॉनेट उघडा. इंजिन बंद केल्यावरच गाडी गिअरमध्ये ठेवा.

जाण्याआधी ऑइल आणि ब्रेक फ्लुइड दोन्ही नवं भरा. डॉट ४ दर्जाचं ताजं ब्रेक फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्याची हमी १५५ पुरतीच, आणि आपल्या हवेत ओल किती असते ते तुम्ही जाणता. हे सगळं धरूनही तीस हजारांतले बरेच उरतील. ते पुढच्या फेरीच्या पेट्रोलला ठेवा, कोइम्बतूर हजाराहून अधिक किलोमीटर आहे. परत आलात की हवेचे आणि पाण्याचे आकडे लॅपवार लिहून मला पाठवा. इंटरकूलर घ्यायचा की नाही ते त्यावरून ठरवू.

प्रश्न : वसईहून एक वाचक विचारतात, ट्रॅकवर जात नाही, पण बोरघाट चढून खंडाळ्याला थांबल्यावर टर्बोसाठी इंजिन चालू ठेवावं का?

उत्तर : मिनिटभर ठेवा. गाडी लावायला जागा शोधत सावकाश फिरलात तर तेवढ्यात ते होऊन जातं. बंद केल्यावरही पंखा किंवा छोटा पंप काही वेळ घुरघुरत राहिला तर बिघाड समजू नका, त्याचं काम त्याला करू द्या.